आधी दगड बघा, मग मूर्ती

चिनी बौद्ध कलेच्या अभ्यासातलं पहिलं वर्ष मी 'आपलं' शोधण्यात घालवलं. चित्र दिसलं की अजिंठा आठवायचा, मूर्ती दिसली की मथुरा नाहीतर गांधार. वह्या भरल्या, पण चीनमध्ये नेमकं काय घडलं ते एकाही पानावर नव्हतं. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय.

सुरुवात दगडापासून करा. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात कोरीवकाम टिकतं, म्हणून कार्ल्याचा स्तूप डोंगरातूनच घडवता आला. चीनच्या वायव्येकडच्या दुनहुआंगजवळची मोगाओ लेणी ज्यात आहेत तो कडा मात्र वाळू-गोट्यांचा, छिन्नी लावली की ढासळणारा. तिथल्या बहुतेक मूर्ती लाकडी सांगाड्यावर गवत आणि माती लिंपून केल्या, मग रंगवल्या. भिंतींवर तर सुमारे ४५ हजार चौरस मीटर चित्रं आहेत! हे वैभव निम्मं त्या ठिसूळ कड्याचं देणं आहे, असं मला वाटतं.

मग वस्त्र बघा. दातोंगजवळची युंगांग लेणी भिक्षू तानयाओच्या देखरेखीखाली सन ४६० च्या सुमारास सुरू झाली. तिथल्या २० क्रमांकाच्या लेण्यातला बुद्ध भरदार खांद्यांचा, चीवर अंगालगत. पुढे उत्तर वेई घराण्याचा सम्राट शियाओवेन याने दरबारात चिनी पोशाख आणला आणि ४९४ मध्ये राजधानी लुओयांगला हलवली. तिथल्या लोंगमेनमधलं बिनयांगचं मधलं लेणं ५२३ मध्ये पुरं झालं. त्यातल्या बुद्धाचं अंग सडपातळ, झगा सैल, चुण्या आसनावरून खाली ओघळलेल्या. साठेक वर्षांत बुद्धाने दरबारी वेश घेतला होता. या दोन मूर्तींच्या चुण्या पेन्सिलीने स्वतः काढून बघा. मला वाचनापेक्षा त्या रेषांनी जास्त शिकवलं.

मोगाओचं २५७ क्रमांकाचं लेणं माझं सर्वांत लाडकं. नऊ रंगांच्या हरणाची जातककथा तिथे लांबट पट्ट्यात रंगवली आहे. ती दोन्ही टोकांकडून मध्याकडे सरकते आणि मधोमध हरीण राजापुढे ताठ उभं असतं. गोष्ट भारतातून गेलेली, पण अशी मांडणी मी अजिंठ्यात पाहिलेली नाही. मोगाओची कितीतरी लेणी 'डिजिटल दुनहुआंग' या संकेतस्थळावर घरबसल्या, फुकट बघता येतात.

आणि चिनी लिपी लवकर हाती घ्या, निदान सनावळी आणि दात्यांची नावं लागण्यापुरती. लोंगमेनच्या भव्य वैरोचन बुद्धासाठी सम्राज्ञी वू हिने आपल्या प्रसाधनखर्चातून नाण्यांच्या २० हजार माळा दिल्याचं तिथल्याच शिलालेखात कोरलेलं आहे.