तुरीच्या वावरात गोल्फ कसा खेळावा

राजेहो, गोल्फ म्हटलं की डोळ्यापुढं काय येतं, पांढरी पँट, बसून फिरायची छोटी गाडी अन मागं बॅग उचलणारा दुसराच माणूस. मी एकदा शहरातल्या एका क्लबात नुसता बघायला गेलो होतो तर पायात चप्पल अन अंगात बिनकॉलरचा टीशर्ट म्हणून गेटवरच थांबवलं. तो नियम क्लबचा आहे, खेळाचा नाही. खेळाला एक दांडा, एक बॉल अन एक खड्डा लागतो बस, कमीत कमी फटक्यांत बॉल खड्ड्यात घालायचा. स्कॉटलंडात हा खेळ समुद्राकाठच्या मेंढ्या चरायच्या माळावर वाढला अन १४५७ साली तिथल्या राज्यात त्यावर बंदी आली, कारण पोट्टे तिरंदाजीचा सराव सोडून हेच खेळत बसायचे. म्हणजे मुळातच ही चराईच्या जागेची गोष्ट आहे, अन तशी जागा आपल्याकडं तूर निघाल्यापासून मृगापर्यंत रिकामीच असते.

आधी जागा बघा. क्लबातल्यासारख्या अठरा खड्ड्यांच्या नादी लागू नका, दोन एकर पुरतं. लांबीच्या एका टोकाला एकच खड्डा करायचा अन मारायच्या जागा तीन धरायच्या, एक दुसऱ्या टोकाच्या धुऱ्यावर, एक बाभळीखाली, एक विहिरीच्या बाजूनं पण विहिरीकडं पाठ करून. तीन जागांवरून तीनदा खेळलं की नऊ होल झाले. बॉल जिथं पडणार तिथले तुरीचे खुंट सब्बलीनं उपटून घ्या, नाहीतर पाय फुटतो अन दांडाही वाकतो. वावर घरचं असलं तर ठीक, गायरानात खड्डा खणायचा असेल तर आधी ग्रामपंचायतीला विचारा.

आता खरं काम, खड्ड्याभोवतीची सपाट जागा, जिला ते ग्रीन म्हणतात. गवत वाढवायचा विचारही करू नका, उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार असते अन तुम्ही गवताला पाणी द्याल तर गाव बरोबरच शिव्या देईल. कोरड्या मुलखात रेतीचं ग्रीन करतात, त्याला ब्राऊन म्हणतात, त्यात रेतीवर तेल टाकतात पण वावरात तेल नको. आपल्याकडं त्याहून चांगली वस्तू आहे, खळं. हडंबा म्हणजे मळणीयंत्र आलं तसं खळं करणं बंद झालं, त्यामुळं आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं, शेवटी शेजारच्या आजीला वावरात घेऊन गेलो. ती म्हणाली, "काहून रे बाप्पा, गहू नाही, तूर नाही, खळं कायले पायजे?" म्हटलं आजी, बॉल फिरवायले. तिनं काही विचारलं नाही पुढं, पदर खोचला अन बसली.

तिनं सांगितलं ते असं. वीस फूट रुंद गोल आखा. वरची काळी माती वीतभर काढून टाका, ती उन्हात भेगाळते. त्यात मुरूम अन पांढरी माती भरा, संध्याकाळी पाणी मारा, सकाळी धुमसानं ठोका, असं तीन दिवस. मग शेणात बारीक कुटार म्हणजे भुसा कालवायचं, कुटारानं वरचा थर धरून राहतो, तडकत नाही, अन हातानं सारवायचं, प्रत्येक हात आधीच्या हातावर अर्धा चढला पाहिजे. मी सारवलेल्या भागावर आजीनं पालथी मूठ वाजवून बघितली, पोकळ आवाज आला तिथं पुन्हा ठोकायला लावलं. सुकल्यावर बॉल सोडला तर तो थांबेचना, सरळ बाहेर, म्हणून वरून चाळलेली बारीक रेती भुरभुरली तेव्हा वेग बसला.

खड्डा नियमाप्रमाणं १०८ मिलिमीटर रुंद अन कमीत कमी १०१.६ मिलिमीटर खोल असतो. संडासच्या लाईनचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप मिळतो, त्याचा वीतभर तुकडा कापून जमिनीच्या पातळीच्या बोटभर खाली बसवा. शेजारी तुराटी रोवून लाल फडकं बांधा, झालं निशाण.

दांडे चौदापर्यंत नेता येतात म्हणून चौदा घेणारा माणूस मला कधी समजला नाही. जुन्या बाजारातून एक सात नंबरचं आयर्न, म्हणजे बॉल उडवायचा लोखंडी पात्याचा दांडा, अन एक पटर, म्हणजे ग्रीनवर बॉल घरंगळवायचा दांडा, घ्या. स्पेनचा सेव्ही बॅलेस्टेरॉस लहानपणी एकाच तीन नंबरच्या आयर्नवर किनाऱ्यावर शिकला अन पुढं ब्रिटिश ओपन ही मोठी स्पर्धा तीनदा जिंकला. बॉल मात्र केशरी घ्या. शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत बोंडं फुटलेली असतील तर पांढरा बॉल तिथं ब्रह्मदेवालाही सापडणार नाही, अन शोधायला नियमात तीनच मिनिटं आहेत. बॉल ठेवायला लाकडी टी म्हणजे खुंटी नको, पूर्वी ओल्या रेतीची चिमूट रचूनच मारायचे, तुम्ही ओल्या मातीची रचा.

मारताना दांडा कुऱ्हाडीसारखा आवळू नका. इटीदांडू खेळलेल्या हाताला नजर अन वेळ आधीच येते, पण त्यात इटी उडाली की मान वर जाते अन इथं तीच सवय नडते, बॉल गेला तरी नजर जमिनीवर ठेवा. जोर लावला की माती उडते, बॉल तिथंच. अन मारायच्या आधी पुढं ढोरं, ढोरकी, कुणी नाही ना बघा. बॉल माणसाकडं जाताना दिसला तर ते लोक फोर म्हणून ओरडतात, आपण "सरकाऽऽ" म्हणा, समजतं तरी.

नियम वाचताना मला वाटलं हे आपल्याच गावात बसून लिहिलेत. शेणाचा पो आडवा आला तर फुकट बाजूला करता येतो, पण तो काढताना बॉल हलला तर एक फटका वाढतो अन बॉल परत जागेवर ठेवायचा. उंदराच्या बिळात गेला तर दंड नाही, बाहेर काढून खेळा. कुत्रा थांबलेला बॉल घेऊन पळाला तर होता त्या जागी दुसरा ठेवा. वावरात चालता बॉल म्हशीला लागून वळला तर मात्र थांबेल तिथूनच खेळायचा, म्हैस कुणाचीही असो. जमिनीच्या भेगेत गेला तर फुकट काढायचा हा लोकल रूल आमचा आम्ही केला.

अन गोल्फवाल्यांच्या तीन खोडी गावात शिरू देऊ नका. फटका चुकला की कॅडीला, म्हणजे बॅग उचलणाऱ्याला, बोलणं, कुणी बघत नाही बघून बुटानं बॉल सरकवणं, अन सात फटके मारून पाच सांगणं. आम्ही मोजायला सहावीतली एक पोट्टी बसवली, बॉलला न लागता हवेत गेलेला फटकाही ती धरते, तिच्यापुढं सरपंचाचंही चालत नाही. कॅडीचं म्हणाल तर १९९१ ची इंडियन ओपन जिंकणारा अली शेर हा कॅडीच होता, त्यामुळं बॅग उचलणाऱ्याला शहाणपण शिकवायच्या भानगडीत पडू नका, आमच्याकडं ज्याचा दांडा तोच उचलतो.

एप्रिल-मेमध्ये सकाळी सहा ते आठच खेळा, नंतर उन्हात उभं राहवत नाही. सारवण दर आठ दिवसांनी करा. मे सरताना पाईपचा तुकडा आठवणीनं उपटून गोठ्यात ठेवा, नाहीतर वखराच्या पासेत अडकतो, अन सगळे बॉल मोजून घ्या. आमचे दोन कमी भरले होते, ते ऑक्टोबरात सोयाबीन कापताना निघाले.