जिम्नीत सामानाची जागा वाढवताय? या चुका टाळा

मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी ही छोटी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली, तेव्हा शोरूममध्ये जाणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आधी मागचं दार उघडून डिकी पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मागच्या सीट उभ्या असताना २०८ लिटर, पाठी दुमडल्यावर ३३२. पुण्याहून स्पीतीला किंवा लेहला निघायचं तर तंबू, स्लीपिंग बॅगा, स्टोव्ह आणि भांडी, पाण्याचे कॅन, थंडीचे कपडे, हवेचा पंप, गाडी ओढायचा पट्टा हे सगळं २०८ लिटरांत मावत नाही, हे खरंच आहे. मग टपावर कॅरिअर येतं, आत ड्रॉवर येतात, मागच्या दारावर कॅन लटकतात. आणि पहिल्याच घाटात गाडी प्रत्येक वळणावर डुलायला लागते.

गोम अशी की या गाडीत लिटरांच्या आधी किलो संपतात. डिकी भरली की डोळ्यांना दिसते. वजनाची मर्यादा ओलांडली गेली तर ते ब्रेक दाबेपर्यंत कळत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

वजनाची बेरीज न करता खरेदी

रिकाम्या जिम्नीचं वजन व्हेरिअंटनुसार ११९५ ते १२१० किलो. कंपनीने ठरवलेलं जास्तीत जास्त एकूण वजन १५४५ किलो. वजाबाकी केली की ३३५ ते ३५० किलो उरतात. माणसं, सामान आणि नंतर बसवलेला प्रत्येक लोखंडी तुकडा एवढ्यातच बसवायचा.

सत्तर किलोची चार माणसं बसली की २८० गेले. उरले ५५ ते ७०. म्हणजे प्रत्येकी एक सॅक, थोडं पाणी, संपला विषय. चौघे आणि शिवाय टपावरचा तंबू हा बेत जिम्नीत जमत नाही, कितीही महागडं कॅरिअर घेतलंत तरी. दोघेच असाल तर दोनशेच्या आसपास किलो हातात राहतात आणि मग विचार करण्यासारखी परिस्थिती येते. पण तिथेही बेरीज करून पाहा. पूर्ण लांबीचं लोखंडी कॅरिअर साधारण ३० किलो, टपावर उघडणारा तंबू ५० ते ६०, प्लायवूडचे ड्रॉवर ४०, वीस लिटर पाणी म्हणजे सरळ २० किलो. कपड्यांची पहिली बॅग आत जायच्या आधीच १४०-१५० किलो संपलेले असतात. परदेशातल्या पिकअप गाड्यांचे व्हिडिओ पाहून खरेदीची यादी करणाऱ्यांचं इथेच चुकतं. त्या गाड्या टनभर वजन उचलायला बनलेल्या असतात.

अंदाज करत बसण्यापेक्षा गाडी पूर्ण भरून, सगळी माणसं बसवून वजनकाट्यावर न्या. एमआयडीसीच्या आसपास, साखर कारखान्याजवळ, मोठ्या भंगारवाल्याकडे असे काटे असतात आणि थोड्या पैशांत पावती मिळते. बरेच काटे ५ किंवा १० किलोच्या पटीत आकडा दाखवतात, तेवढा फरक सोडून द्या. एकदा पूर्ण गाडी तोला, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून पुन्हा तोला. दोन्हींतला फरक म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरचा भार. भरलेल्या गाडीत तो पुढच्यापेक्षा खूपच वाढलेला दिसला, तर जड वस्तू मागच्या दाराजवळून उचलून पुढच्या सीटच्या पाठीशी आणा. पाणी आणि हत्यारांची पेटी एवढ्या दोनच गोष्टी हलवल्या तरी पावतीवर फरक दिसतो.

वजनाचा मुद्दा डोंगरात दुप्पट महत्त्वाचा होतो. जिम्नीत टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा, नाही. १४६२ सीसीचं साधं पेट्रोल इंजिन, ताकद १०५ पीएस आणि टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, १३४ न्यूटन मीटर. उंची वाढेल तशी हवा विरळ होते आणि अशा इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. मनाली-लेह रस्त्यावरची बारालाचा ला ही खिंड जवळपास ४,९०० मीटरवर आहे. तिथे तुमच्या हातात समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त ताकद असते आणि गाडी मात्र तेवढीच जड. लो रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारे गिअर, असल्याने गाडी चढेल, त्याबद्दल वाद नाही. फक्त क्लचचा वास यायला लागला की दोष गाडीला देऊ नका.

टपाला गोदाम समजणं

जिम्नीच्या टपाला दोन्ही बाजूंनी पन्हळ आहे. जुन्या जीपगाड्यांना असायची तशीच, आणि हल्लीच्या गाड्यांत ती जवळजवळ नाहीशी झालेली. त्यामुळे छिद्र न पाडता कॅरिअर पकडीने बसतं. ही सोय फसवी ठरते, कारण बसवणं सोपं आहे म्हणून वजनही पेलेल असं वाटतं. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारी जिम्नीच्या टपाची मर्यादा ३० किलो आहे. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहा आणि विक्रेत्याने सांगितलेल्या 'शंभर किलो आरामात' या वाक्याकडे दुर्लक्ष करा. तो कॅरिअरची ताकद सांगत असतो, टपाची नव्हे. शिवाय कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्याच मर्यादेत धरायचं. ३० किलोचं लोखंडी कॅरिअर घेतलंत तर मर्यादा रिकाम्या कॅरिअरनेच गाठली. म्हणून घ्यायचंच तर अ‍ॅल्युमिनियमचं हलकं घ्या, किंवा नुसत्या दोन-तीन आडव्या पट्ट्या पुरतात का ते आधी बघा.

उभ्या गाडीच्या टपावर पेललं जाणारं वजन आणि चालत्या गाडीच्या टपावर पेललं जाणारं वजन यांत मोठा फरक असतो. रात्री उभ्या गाडीवर तंबूत दोघे झोपले म्हणजे दिवसा त्याच टपावर तेवढा भार नेता येतो असं नाही. खड्ड्यात चाक आदळलं की क्षणभर तोच भार कितीतरी पटींनी वाढतो आणि पन्हळीवरच्या पकडी तो सोसतात.

जिम्नी १६४५ मिलिमीटर रुंद आणि १७२० मिलिमीटर उंच आहे, म्हणजे रुंदीपेक्षा उंची जास्त. पुढे-मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे डावं-उजवं चाक एकाच ताठ आडव्या दांड्यावर. अशा गाडीच्या डोक्यावर वजन ठेवलं की ती वळणात जास्त कलते, आणि लेहच्या वाटेवरच्या मोरे मैदानावर दुपारचा आडवा वारा सुटला की स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. टपावर जायला हव्यात त्या मोठ्या पण हलक्या वस्तू: स्लीपिंग बॅगा, मॅट, घडीच्या खुर्च्या, रिकामे कॅन. पाणी, हत्यारं, डबाबंद खाणं आणि पेट्रोल यांतलं काहीही नाही.

कॅरिअर शिट्टी वाजवत असेल तर पुढची आडवी पट्टी काचेच्या कडेपासून थोडी मागे सरकवून पाहा. नाही जमलं तर वाऱ्याला वळवणारी फळी लावा. कॅरिअर सरकत असेल तर बहुतेक वेळा एका बाजूची पकड पन्हळीत तिरकी बसलेली असते. सगळे बोल्ट सैल करून पुन्हा थोडे थोडे आलटून पालटून आवळा. आवळल्यावर नटवर आणि पकडीवर रंगाची एक सलग रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, पाना हातात घ्यायची गरज नाही. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर एकदा आणि कच्च्या रस्त्यावर रोज सकाळी ही रेघ पाहावी. पकडीखाली रबर नसेल तर रंग घासून पन्हळीत गंज धरतो; कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

टपावरची बॅग 'वॉटरप्रूफ' असली तरी चेन मागच्या बाजूला येईल अशी ठेवा आणि आतलं सामान वेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत बांधा. सह्याद्रीतल्या जुलैच्या पावसात ऐंशीच्या वेगाने जाताना पाणी चेनीतून आत शिरतंच. बांधायला साध्या बंजी दोऱ्या नकोत, खटक्याने आवळता येणारे रॅचेटचे पट्टे वापरा.

मागून बसली म्हणून जाड स्प्रिंग

सामान भरलं, गाडी मागून बसली, हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागला. गॅरेजवाला म्हणतो, जाड स्प्रिंग टाका. टाकल्यावर गाडी सरळ उभी राहते, आणि मालकाला वाटतं की वजन पेलण्याची क्षमता वाढली. नाही वाढली. १५४५ किलोंमध्ये ब्रेक, अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर, चासी सगळं धरलेलं असतं, आणि मागे अजूनही तेच ड्रम ब्रेक आहेत. नेहमीच दोघे आणि ठरावीक सामान घेऊन फिरणार असाल, मर्यादेत राहून, तर थोड्या ताठ स्प्रिंगचा उपयोग आहे. एरवी गावात रिकामी गाडी चालवताना पाठ धरेल, एवढंच पदरात पडेल.

स्प्रिंगच्या आधी टायरची हवा तपासा. पूर्ण भाराला मागच्या चाकांत किती हवा हवी हे गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि पूर्ण भाराची ओळ फार थोडे लोक वाचतात.

मागच्या दाराला खुंटी समजणं

हे दार बाजूला उघडणारं आहे आणि त्यावर आधीच स्टेपनी टांगलेली असते. तिच्या शेजारी कॅन, घडीचं टेबल, शिडी, खोरं आणि आतल्या बाजूने सामान अडकवायची जाळीदार पत्रा-पट्टी असं सगळं चढवलं की भार बिजागऱ्यांवर येतो. पहिलं लक्षण म्हणजे दार लावताना थोडं उचलून लावावं लागतं. दुसरं म्हणजे कच्च्या रस्त्यावर मागून टकटक. तिसरं, डिकीत धूळ, कारण रबर नीट दाबलं जात नाही. यातलं काहीही दिसलं तर आधी दारावरचं वाढीव वजन काढा, मग बिजागऱ्यांचे बोल्ट आणि कुलपाची जागा जुळवून घ्या. उलट क्रमाने केलंत तर महिन्याभरात पुन्हा तेच. १९५/८० आर१५ ऐवजी मोठे टायर घालणाऱ्यांनी स्टेपनीही जड होते हे विसरू नये.

बंपरखाली मागे बाहेर काढलेल्या लोखंडी ट्रेबद्दल एकच सांगतो: उतारावरून सपाटीला येताना ती सगळ्यात आधी जमिनीला लागते. मागचा आखूड बांधा ही जिम्नीची मोठी जमेची बाजू, ती अशी घालवू नका.

आतली जागा वाया घालवणं

दोघांच्या प्रवासाला खरी जागा आतच आहे. मागच्या सीटच्या पाठी दुमडल्या तरी तळ पूर्ण सपाट होत नाही, पायरी राहते. ती भरून काढायला सुताराकडून फळी करून घेणं ठीक, पण अठरा मिलिमीटरचं प्लाय आठ बाय चारचं घेतलं की एक पूर्ण फळी तीस-पस्तीस किलो भरते. बारा मिलिमीटर पुरतं. ड्रॉवर दिसायला देखणे असतात, मात्र त्यांच्या भिंती आणि सरकपट्ट्याच बरीच जागा आणि वजन खातात. इतक्या लहान गाडीत माझी पसंती मंडईत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या क्रेटला आहे. स्वयंपाकाचा एक, खाण्याचा एक, अवजारांचा एक. मुक्कामी क्रेट उचलून बाहेर, आणि गळलेलं तेल पाण्याने धुता येतं.

फळी बसवताना तळाला छिद्र पाडू नका. खाली पेट्रोलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग असतं. सीट आणि सीट बेल्टसाठी कंपनीने आधीच ठेवलेल्या बोल्टच्या जागा वापरा.

एक गोष्ट फॅब्रिकेटर सहसा सांगत नाहीत. भारतातल्या जिम्नीला सहा एअरबॅग आहेत. त्यांत खिडक्यांवर उघडणारे पडदे आणि पुढच्या सीटच्या कडेतून उघडणाऱ्या बॅगाही येतात. खिडकीवर जाळीदार पॅनेल, छताखाली आडव्या सळ्या किंवा सीटच्या बाजूने घट्ट शिवलेलं खिसेदार कव्हर बसवलं, तर तुम्ही नेमकी त्यांची वाट अडवता. अपघातात तोच पत्रा डोक्याकडे येऊ शकतो. छताला हलकी कापडी जाळी हवीच असेल, तर ती मधोमध, कडांपासून दूर लावा.

सीटच्या पाठीपेक्षा उंच रचलेलं सामान जाळीशिवाय नेऊ नका. खडखडाटाचा शोध घ्यायचा असेल तर एकाने गाडी सावकाश चालवावी, दुसऱ्याने मागे बसून एकेक वस्तू हाताने दाबावी. बहुतेकदा जॅक किंवा पान्यांची पिशवी सापडते.

गरज नसताना पेट्रोल वाहणं

मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावरची पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी पाहून लोक दोन-दोन कॅन भरतात. टाकी ४० लिटरची आहे. लिटरला बारा किलोमीटर धरले तरी ४८० होतात. आडवाटा, परत फिरणं आणि थंडीत इंजिन चालू ठेवणं धरून दहा लिटर जास्तीचे पुष्कळ. मनाली ते स्पीतीतलं काझा हे अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि काझाला पंप आहे. तिथे कॅन लागतच नाही.

न्यायचंच तर धातूचा, घट्ट झाकणाचा कॅन. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर पेट्रोल, तेही विक्रीसाठी नसलेलं, जवळ ठेवता येतं आणि धातूचं एक भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल नेणं बंद करा. मैदानात भरलेला कॅन उंचावर फुगतो, म्हणून तो काठोकाठ भरू नये आणि झाकण सावकाश उघडावं.

आरसी बुकाकडे न पाहता केलेले बदल

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच अधोरेखित केलं. सीट दुमडणं हा बदल नव्हे. त्या कायमच्या काढून टाकल्या तर आसनक्षमता बदलते. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीच्या अंगाबाहेर मर्यादेपलीकडे येणाऱ्या सामानासाठी २०,००० रुपयांच्या दंडाची तरतूद वेगळी आहे. पुढे लोखंडी बुलबार तर नकोच. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे. मागे काही टांगलं असेल तर नंबर प्लेट आणि दिवे झाकले जात नाहीत ना, हे गाडीपासून दहा पावलं मागे उभं राहून पाहा. आणि कॅरिअरसारख्या वस्तूंची बिलं जपून ठेवून विम्याच्या पॉलिसीत त्यांची नोंद निघण्याआधीच करून घ्या. दावा करताना केलेली नोंद उपयोगाची नसते.