टायटॅनियमचा पल्स आयनस्रोत: आधी जाळी, मग चाप

नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, आयनस्रोत, म्हणजे भारित अणूंचा (आयनांचा) झोत सोडणारं यंत्र, उलट्या बाजूनं आखायचा, आयन बाहेर ओढणाऱ्या जाळीपासून. टायटॅनियमच्या निर्वात चापात (निर्वातात धातूवर पेटवलेल्या विजेच्या ज्योतीत) आयन बहुतेक दुहेरी भाराचे. जाळीशी 50 किलोव्होल्ट आणि 1 सेंमी फट धरली, तर चाइल्ड-लँगम्युअर नियमाने (फटीतून जास्तीत जास्त किती प्रवाह निघेल ते सांगणाऱ्या) दर चौरस सेंमीला सुमारे 0.12 अँपिअरच निघतो. प्लाझ्मा (चापातला आयन-इलेक्ट्रॉनांचा वायू) याहून जास्त आयन पुरवू लागला, की त्याची कड फटीत फुगते, आयनांची शलाका फाकते आणि जाळी भाजते. माझ्या दोन जाळ्या अशाच गेल्या. हाव, दुसरं काय!

आता चाप. आयनप्रवाह चापातल्या प्रवाहाच्या जेमतेम 8-10 टक्के, त्यातलेही काही भिंतींवर जातात. 100 अँपिअरच्या 250 मायक्रोसेकंद पल्ससाठी 1 ओहमची एलसी साखळी (पल्स देणारी कॉइल-कॅपॅसिटरची माळ) घ्या: एकूण 125 मायक्रोफॅरड, 125 मायक्रोहेन्री. चापाचा स्वतःचा रोध फार कमी, म्हणून जवळपास 1 ओहम एकसर जोडा. नाहीतर पल्सची शेपटी हेलकावे खाते.

फॅरडे कपात (शलाकेचा प्रवाह मोजणाऱ्या धातूच्या भांड्यात) आकडा भरघोस दिसला तर हुरळू नका. आयन आदळल्यावर कपातून इलेक्ट्रॉन उडतात आणि मीटर त्यांनाही आयन म्हणूनच मोजतो. कपाच्या तोंडाशी ऋण व्होल्टेजचं कडं बसवून पुन्हा मोजा. आणि साखळीला हात लावण्याआधी कॅपॅसिटरमधला भार उतरवायला अर्थिंगची दांडी टेकवा, दोनदा.