१७ इंची अलॉय घ्यायच्या आधी, लहान्या

लहान्या, तू नागपूरवरून फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आणली आणि तिसऱ्याच दिवशी मला १७ इंची काळ्या अलॉयचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चाकांचे, फोटो टाकून राहिला, तेव्हाच समजलं की हे फोनवर सांगून भागत नाही, लिहूनच द्यावं लागते. गाडी मस्तच घेतली तू. १.२ चं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि २०२२ मधे कंपनीनं भारतात पोलो बंदच केली म्हणून आता चांगली सापडली की जपायची. आपल्या कारंजा-मूर्तिजापूर पट्ट्यात हीच आपली स्पोर्ट्स कार. अमरावतीला दुकानात जायच्या आधी हे सगळं एकदा वाचजो, आणि आकडे कागदावर उतरवून खिशात ठेवजो कारण दुकानात गेल्यावर चकचकीत माल पाहून माणूस सगळं विसरते, मी विसरलो होतो.

पहिले घरी अंगणात गाडी उभी करून टायरवरचं सगळं वाचजो. तुझी जुन्यातली आहे म्हणजे १८५/६० आर १५ असणार, नंतरच्या जीटीला १९५/५५ आर १६ यायचे. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमधे, ६० म्हणजे त्या रुंदीच्या ६० टक्के साइडवॉलची उंची, १५ म्हणजे रिम किती इंची. त्यापुढं ८४ सारखा एक आकडा आणि एक अक्षर असते, ८४ म्हणजे एक टायर ५०० किलो उचलते, टी म्हणजे १९० च्या स्पीडपर्यंत, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०. नवीन टायरचा हा आकडा जुन्यापेक्षा कमी नको म्हणजे नकोच, दुकानदार कितीही म्हणो की काही फरक पडत नाही. हवेचं स्टिकर पेट्रोलच्या झाकणाच्या आत नाहीतर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर सापडते, त्याचा फोटो काढजो. आणि चेसिसच्या प्लेटवर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलचं वजन किलोत लिहिलेलं असते, तेही लिहून घेजो, ते पुढं कामी येते.

आता १७ इंचीचं. माझ्या पहिल्या गाडीला मी हौसेनं १७ लावले होते, तुला आठवते, बाबा किती बोलले होते. तुरीचे पैसे हातात आले होते अन डोक्यात तेच होतं. त्याच वर्षी जिनिंगला कापसाच्या गाड्या भरून चालू झाल्या, रस्ता फुटला, आणि रात्री समोरून ट्रॅक्टर हेडलाइट मारत आला तर मला खड्डा दिसलाच नाही. आवाज असा आला की वाटलं खालून काही तुटलं. टायर वरून साबूत, पण सकाळी हवा कमी. भरली, दुसऱ्या दिवशी परत कमी. पंक्चरवाल्यानं टायर पाण्यात घातला तर बुडबुडे टायरमधून नाही, अलॉयच्या आतल्या काठातून, बारीक क्रॅक. शहरातल्या एका दुकानात वेल्डिंग मारून घेतलं, दोन महिन्यांत बाजूलाच परत चिरलं, आणि तेव्हा घरची मंडळी गाडीत होती. म्हणून सांगतो, वेल्डिंग केलेलं अलॉय परत गाडीला नको लावजो. लोखंडी डिस्क वाकली तर ठोकून सरळ होते, साधं ओतीव अलॉय वाकण्याऐवजी चिरते.

आणि आपल्याकडे खड्ड्याइतकीच जमीनही कारण आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून भेगा पडतात, वरचं डांबर तिच्यासोबत वर-खाली होते, म्हणून आपले गावाकडचे रस्ते नवीन असताना पण दोन वर्षांत लाटा मारतात. तिथं तुला आणि रिमला वाचवते ती साइडवॉलच. हिशोब करून पाह्य, १८५/६० आर १५ ची साइडवॉल १११ मिमी, १९५/५५ आर १६ ची १०७, आणि तुला आवडले त्या २०५/४५ आर १७ ची फक्त ९२. १९५/६० आर १५ घेतला तर ११७. माझं मत विचारशील तर १५ च ठेवजो, आणि पैसा रिमच्या इंचात न टाकता टायरच्या रबरात टाकजो, वळणावर गाडी धरते ते रबर. ब्रेक मारल्यावर थांबते ते पण रबर.

बाहेरचा व्यास पण जुळला पाहिजे, स्पीडोमीटर अन एबीएस त्याच्याच भरवशावर चालते. ३ टक्क्यांच्या आत राहिलास तर चिंता नाही. १८५/६० आर १५ चा व्यास ६०३ मिमी, १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे साधारण २ टक्के मोठा. काटा १०० दाखवीन तेव्हा गाडी आधीपेक्षा थोडी जास्त पळत असते, एवढं ध्यानात ठेवजो, समृद्धी महामार्गावर कॅमेरे आहेत.

तरी अलॉय बदलायचेच असतील तर चार आकडे पाठ करजो. पीसीडी ५x१००, म्हणजे ५ बोल्ट, १०० मिमीच्या गोलावर. सेंटर बोअर, म्हणजे मधलं भोक, ५७.१ मिमी. रिमची रुंदी, ६जे म्हणजे ६ इंच. आणि ईटी, म्हणजे ऑफसेट, रिमच्या मधल्या रेषेपासून चाक गाडीला टेकते ती जागा किती मिमी दूर ते. व्हेंटो, रॅपिड, जुनी फॅबिया, सगळ्यांचं पीसीडी हेच, त्यामुळे त्यांचे कंपनीचे जुने अलॉय चांगल्या हालतीत भेटले तर डोळे झाकून नाही पण विचार करून घेण्यासारखे आहेत, बोल्ट-हब सगळं जुळते. नव्या ऑक्टाव्हियाचे सुंदर दिसतात पण ते ५x११२, नको पाहजो. आणि काही अलॉयला १० छिद्रं असतात, दोन वेगवेगळ्या पीसीडीची, कोणत्याही गाडीला बसवता यावं म्हणून. मला ते पटत नाही, जिथं ताकद पाहिजे तिथंच जास्तीचं छिद्र.

बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक मोठं असते, ७३.१ वगैरे, जेणेकरून एकच माल सगळ्या गाड्यांना चालावा. मग अलॉय हबवर, म्हणजे चाक ज्याच्यावर बसते त्या मधल्या गोल भागावर, टेकत नाही, नुसत्या बोल्टवर लटकते, थोडं इकडंतिकडं बसलं की ८०-९० ला स्टेअरिंग थरथरते आणि तू तीनदा बॅलन्सिंग करून येशील तरी जात नाही. त्यावर इलाज म्हणजे हब रिंग, ७३.१ ते ५७.१ ची, दुकानदाराकडून चार मागून घेजो आणि समोर बसवून घेजो.

ईटी लोक पाहतच नाहीत. समजा तुझ्या आताच्या रिमवर मागून ६जे ईटी ४० कोरलेलं निघालं, अन दुकानदारानं ७जे ईटी ३५ दाखवलं, तर चाकाची बाहेरची कड जवळपास १८ मिमी बाहेर येते आणि आतली ८ मिमी आत जाते. फोटोत ते भारी दिसते. पण बेरिंगवर जोर वाढते, पाच जण बसून मागचं चाक वर दबलं की टायर मडगार्डच्या कडेला घासते, आणि पावसाळ्यात दार-खिडक्यांवर चिखल. आपल्या चिखलाचं तर वेगळंच आहे, वावराच्या पांदणीतून एकदा गाडी काढली की काळी माती टायरला थर देत देत आर्चमधे, म्हणजे चाकावरच्या कमानीत, भरते, तिथं बोटभर पण जागा नसली तर चाकच जाम. म्हणून बाकीचे लोक आर्चमधली जागा कमी दिसावी म्हणून खटपट करतात, आपण ती राखायची. स्पेसर, म्हणजे चाक बाहेर ढकलायला मधे घालतात ती चकती, तर नकोच.

बोल्टवर थांबजो जरा, हे सगळ्यात महत्त्वाचं. फोक्सवॅगनच्या कंपनीच्या बोल्टची टेकायची जागा गोल असते, चेंडूसारखी. बाजारातले अलॉय बहुतेक शंकूच्या आकाराच्या बोल्टसाठी असतात. गोल बोल्ट शंकूच्या खड्ड्यात बारीक रेघेवर टेकते, घट्ट वाटते, पण चालता चालता ढिला होते. म्हणून अलॉय घेताना सीट कोणती आहे ते पाहजो, त्याच आकाराचे, एम१४ बाय १.५ आट्याचे, बरोबर लांबीचे बोल्ट सोबतच घेजो. आणि जुने पाच गोल बोल्ट फेकू नको, डिक्कीत कापडात बांधून ठेवजो, कारण तुझी स्टेपनी कंपनीच्या लोखंडी डिस्कवर आहे, तिला तेच लागतात. रात्री अकराला मानोऱ्याच्या रस्त्यावर चाक बदलताना हे आठवणं कामाचं नाही, बोल्ट डिक्कीत पाहिजे.

अलॉयच्या मागं काय छापलं आहे ते मोबाईलच्या टॉर्चनं वाचजो. आयएसआय चिन्ह, जपानी माल असला तर जेडब्ल्यूएल, आणि किलोत लोड. तो लोड दुप्पट करून चेसिस प्लेटवरच्या अ‍ॅक्सलच्या वजनापेक्षा जास्त आला पाहिजे. काहीच छापलेलं नसलं तर सोडून देजो, रंग कितीही आवडो. हातात उचलूनही पाहजो, चाक जितकं हलकं तितकं खड्ड्यावर सस्पेन्शन पटकन सावरते. फ्लो फॉर्म्ड, म्हणजे ओतल्यावर कड दाबून-फिरवून घडवलेले अलॉय साध्या ओतीवपेक्षा हलके आणि मजबूत असतात, महाग पडतात. जुने घेत असशील तर बॅलन्सिंग मशीनवर टायर न चढवता नुसतं फिरवायला लावजो, कड लहरली की घरी ये. नवीन जाड रंगाखाली वेल्डिंग लपते, आतल्या बाजूनं बोट फिरवजो.

टायर घेताना कंपनीपेक्षा आधी तारीख. साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३२४ असलं तर २०२४ चा २३ वा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री, पत्र्याच्या गोडाऊनमधे टायर वर्षभर पडलेला असला तर नवीन असूनही रबर म्हातारं. मी सहा महिन्यांच्या आतलाच घेतो. चारही एकाच पॅटर्नचे पाहिजे. दोनच टायरचे पैसे असले तर नवीन दोन मागं लावजो, गाडी पुढच्या चाकांची असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी फिरते अन मग हातात काही राहत नाही. मिशलिनचा प्रायमसी, योकोहामाचा अर्थ-१, अपोलोचा अल्नॅक, यातलं जे १९५/६० आर १५ मधे ताज्या तारखेचं भेटलं ते. जास्त मऊ अन पातळ साइडवॉलचा नको, बाभळीचा काटा अन पऱ्हाटीचे खुंट आपल्या पांदणीत कायमचे, आणि साइडवॉलचं पंक्चर निघत नसते, टायरच जाते.

हवेबद्दल आपल्या गावात सगळे उलटंच सांगतात. उन्हाळा आला की हवा कमी कर, नाहीतर फुटते. भाऊ, हवा कमी केली की साइडवॉल जास्त दबते, फिरताना सारखी वाकते, त्यातून आतून गरम होते, आणि १२० नं सिमेंटच्या रोडवर अर्धा तास पळवली की तेच टायर फुटते. समृद्धी आपल्या कारंज्यावरून जाते, ७०१ किलोमीटर सरळ रस्ता, तिथं ही चूक माफ होत नाही. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असते, म्हणून सकाळी गाडी न चालवता भरायची, दुपारी गरम टायरमधे चार-पाच पीएसआय वाढलेली दिसली तर काढायची नाही. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नको, साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे. १२ व्होल्टचा छोटा पंप अन ट्यूबलेसचं किट घेऊन ठेवजो. टायरचे गोटे, म्हणजे वरची नक्षी, १.६ मिमीवर आले की कायद्यानं टायर संपला, पण आपल्या पावसात ३ मिमीलाच बदलायचं मनात धरजो.

कागदाचं पण पाह्य. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या, कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, त्यामुळे मडगार्डच्या बाहेर निघालेली चाकं म्हणजे रोजची कटकट. इन्शुरन्सवाल्याला अलॉय बदलल्याचं कळवजो, बिल जपून ठेवजो.

बसवताना तिथंच उभा राहजो. हब तारेच्या ब्रशनं साफ करायला लाव, बोल्ट हातानं सुरू कर, गनवर एकदम घट्ट मारू देऊ नको, पाना धरून त्यावर उभं राहणारे पण आहेत, आटे जातात. शेवटी टॉर्क रेंचनं, म्हणजे किती घट्ट ते मोजणाऱ्या पान्यानं, १२० न्यूटन मीटर, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं. मग अलाइनमेंट. नवीन टायरवर पहिले दोन-तीनशे किलोमीटर दमानं चालवजो, वरचा चकचकीत थर जाईपर्यंत पकड येत नाही. पावसाळ्यात चिखलातून आला की चाकाच्या आतून पाणी मार, तिथं वाळलेलं मातीचं ढेकूळ बॅलन्स बिघडवते अन माणूस दुकानदाराला दोष देत बसते.

१०० किलोमीटर झाल्यावर बोल्ट परत एकदा तपासायचे आहेत, गाडी थंड असताना. टॉर्क रेंच माझ्याकडं आहे, शुक्रवारी बाजाराला येशील तेव्हा घेऊन जाजो, येताना ते पाच जुने बोल्ट पण दाखवायला आणजो.