आजोबांच्या बोटी शोधायला निघण्याआधी

ग्वाल्हेरला समुद्र नाही, पण लष्कर भागातल्या आमच्या घरी माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक आहे आणि तिच्यात आईच्या वडिलांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे खलाशाच्या सफरींची नोंद असलेलं पुस्तक. तुमच्याही घरी असं काही असेल, तर दप्तरखान्यांना पत्रं लिहिण्याआधी दोन-तीन संध्याकाळी घरातच बसा.

आधी पुस्तकाच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, कोरी पानंसुद्धा. मग वहीत एका सफरीला एक ओळ: बोटीचं नाव, तिचा ऑफिशियल नंबर, हुद्दा, कुठे आणि कधी चढले, कुठे आणि कधी उतरले. आमच्या पुस्तकात जांभळ्या शिक्क्याशेजारी ‘व्हेरी गुड’ दोनदा आहे, एकदा कामासाठी, एकदा वर्तणुकीसाठी. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण त्या शब्दांवर तिचं बोट बरोबर पडायचं.

नंबर मात्र चुकू देऊ नका. १८५५ पासून ब्रिटिश नोंदणीच्या जहाजांना तो मिळू लागला. नाव बदलो, मालक बदलो, नंबर तोच. दाखला आपल्याच गावचा आहे. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही बोट १९१४ मध्ये माधवराव महाराज शिंद्यांनी घेतली, ‘लॉयल्टी’ नावाने ती हिंदी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज झाली आणि ५ एप्रिल १९१९ ला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशनची बोट म्हणून मुंबईहून लंडनला निघाली. राष्ट्रीय सागरी दिन त्याच तारखेचा. नुसत्या नावावरून शोधणाऱ्याला या दोन वेगळ्या बोटी वाटतील.

मग घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जा, आणि उशीर करू नका. मावशीला बोटीचं नाव आठवेना. “जल-काहीतरी होतं बघ,” एवढंच म्हणाली. तेवढ्यावरून कंपनी कळली, कारण जलदूत, जलउषा ही सिंदियाच्या बोटींची नावं. तिलावा, रोहना अशी आकारान्त नावं आली की आधी ब्रिटिश इंडिया कंपनीकडे बघावं. हुद्दे ऐकाल तसेच लिहा: सारंग, टिंडल, सुखानी, कसब, आगवाला. बोटीवरचा भंडारी म्हणजे स्वयंपाकी, ती जात समजून बसू नका. बापाचं नाव आणि गाव आडनावापेक्षा जास्त उपयोगी पडतं. त्यांची इंग्रजी स्पेलिंगं सुचतील तितकी लिहून ठेवा, कारण कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलेलं असतं.

कागद कुठे आहेत ते सालावर ठरतं. १८६३ ते १९३८ च्या ब्रिटिश जहाजांच्या खलाशी-याद्यांपैकी सुमारे ७० टक्के कॅनडात न्यूफाउंडलंडला आहेत. १९०५, १९२५ अशा पाचावर संपणाऱ्या सालांच्या बहुतेक लंडनच्या ग्रिनिचला. १९३९ पासूनच्या, युद्धकाळातल्या, लंडनमध्येच क्यू इथे. १९१५ ची यादी घरबसल्या फुकट बघता येते, हात तिथेच बसवा. आपल्या माणसाचं नाव सापडलं नाही तरी खचू नका. हिंदी खलाशांचा करार पुष्कळदा वेगळा, इथल्याच बंदरात व्हायचा. म्हणून माणसाच्या नाही, बोटीच्या मागे जा.

कुणी महायुद्धात बोटीबरोबर गेलं असेल, तर मुंबईत मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात दोन्ही युद्धांतल्या मृतांची नावं जतन केली आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव आधी तपासा, पान छापून घ्या, मगच पंजाब मेलचं तिकीट काढा. सोबत झेरॉक्स न्या, मूळ पुस्तक ट्रंकेतच राहू दे.