ताकाचं खोकं रिकामं झाल्यावर

उन्हाळ्यात आमच्या घरी ताकाची आणि आंब्याच्या रसाची खोकी रोज दोन-तीन तरी रिकामी होतात. कितीतरी वर्षं ती सरळ सुक्या कचऱ्याच्या डब्यात जायची, तळाशी घोटभर ताक तसंच. एकदा आमच्या मजल्यावर येणाऱ्या ताईंनी डबा त्यांच्या पोत्यात उलटा केला आणि ते आंबलेलं ताक खालच्या वर्तमानपत्रांवर सांडलं. ती रद्दी विकून त्यांना दोन पैसे मिळणार होते. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार लागलं. तेव्हापासून आम्ही जे करतो, ते इथे सांगते. खोक्यामागे एक मिनिटसुद्धा लागत नाही.

आधी हे खोकं कशाचं असतं ते बघू. टेट्रापॅक म्हणून आपण सगळ्यांनाच ओळखतो, पण ते मूळ कंपनीचं नाव. १९५१ साली स्वीडनमधल्या लुंड इथे ती सुरू झाली, आणि तिचा एक कारखाना आपल्या चाकणलाच आहे. महिनोन्‌महिने बाहेर टिकणाऱ्या दुधा-रसाच्या खोक्यात साधारण ७५ टक्के जाड कागद, २० टक्के प्लास्टिक आणि ५ टक्के ॲल्युमिनियम असतं. हे सगळे थर एकमेकांना घट्ट चिकटवलेले असतात. म्हणूनच आतलं पेय नासत नाही, आणि म्हणूनच हे खोकं ना धड कागद, ना धड प्लास्टिक.

तरी त्याचा कागद परत मिळतो. त्यासाठी कागद गिरणीत पाण्याने भरलेलं एक भलंमोठं भांडं असतं, आपल्या मिक्सरसारखंच, तळाशी फिरणारं पातं असलेलं. त्यात खोकी घुसळली की कागद भिजून त्याचा लगदा होतो आणि प्लास्टिक-ॲल्युमिनियमचे पापुद्रे वेगळे निघतात. हा लगदा लांब धाग्याचा आणि चिवट असतो, त्यामुळे त्यापासून पुठ्ठा आणि कागद चांगला होतो. उरलेले पापुद्रे तापवून, दाबून त्यांचे छपराचे पत्रे आणि फळ्या करतात. नेहमीच्या रद्दीत मात्र खोकं घालू नका. साध्या रद्दीपेक्षा त्याला भिजायला जास्त वेळ लागतो आणि पापुद्रे मध्ये अडकतात.

आता घरचं काम. खोकं पूर्ण रिकामं करा. नळी बाहेर काढा, ती आत राहिली तर खोकं नीट चपटं होत नाही. मग थोडं पाणी घालून, तोंड दाबून, दोनदा जोरात हलवा. नळाचं ताजं पाणी कशाला? भांडी विसळलेलं शेवटचं पाणी पुरतं. ताकाच्या किंवा दुधाच्या खोक्यातलं हे पाणी मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते. रसाचं मात्र मोरीतच, नाहीतर कुंडीला मुंग्या लागतात.

मग खोक्याचे कान शोधा. वर दोन आणि खाली दोन अशी चार त्रिकोणी टोकं असतात, वरची बाजूंना आणि खालची तळाला चिकटवलेली. नखाने ती उचकटली की खोकं आपोआप सैल पडतं आणि तळहाताने दाबलं की पोस्टाच्या पाकिटासारखं सपाट होतं. झाकण असलेलं खोकं असेल तर आधी झाकण उघडून हवा जाऊ द्या, मग परत लावून टाका. सुटं झाकण कुठेतरी हरवतंच.

खरी कसोटी वाळवण्याची. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर पालथं ठेवलं तरी संध्याकाळपर्यंत कोरडं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कपडेच वाळत नाहीत, तिथे खोक्याचं काय! तेव्हा चपटं करण्याआधी त्याची एक बाजू कात्रीने उभी चिरा, पुस्तकासारखं उघडा आणि घरातल्या दोरीवर चिमट्याने लावा. चिरल्याने पुनर्वापराला काहीच बाध येत नाही. ओलं खोकं पिशवीत गेलं तर चार दिवसांत बुरशी धरतं, चिलटं होतात, आणि मग घरातलेच लोक म्हणतात की बंद करा हे.

कोरडी खोकी एका वेगळ्या पिशवीत साठवा आणि पिशवी भरली की द्या. याचं कारण वजनात आहे. एक लिटरचं रिकामं खोकं जेमतेम तीसेक ग्रॅम भरतं, म्हणजे किलो व्हायला तीस-पस्तीस खोकी हवीत. एखाद-दुसरं खोकं कुणी वेचत बसणार नाही, आणि गल्लीतला भंगारवाला तर हातही लावत नाही. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांसाठी काम करते आहे, आणि त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार येणाऱ्या त्यांच्या ताईंना आधी विचारा: खोकी वेगळी दिली तर चालतील का, किती जमल्यावर देऊ? सोसायटीत चार-पाच घरांनी मिळून एकच पोतं ठेवलं तर ते भराभर भरतं आणि त्यांनाही उचलायला परवडतं.

थंडीत शेकोटीत किंवा पाण्याच्या बंबात खोकी जाळू नका. आतलं प्लास्टिक जळून धूर होतो, आणि तो शेकणाऱ्याच्याच छातीत जातो. कंपोस्टच्या डब्यातही नको. कागद कुजेल, पापुद्रे तसेच राहतील.

घरात वापरायचं असेल तर माझ्या अनुभवात खोकं सगळ्यात छान उपयोगी पडतं ते रोपांसाठी. एक लिटरचं खोकं आडवं ठेवून वरची बाजू कापा, तळाला दाभणाने सात-आठ भोकं पाडा, माती आणि शेणखत भरून मिरची, टोमॅटो किंवा वांग्याचं बी पेरा. महिनाभर ते सहज टिकतं. पुढे कापलेल्या कडांनी पाणी शोषून थर सुटायला लागतात, पण तोवर रोपं कुंडीत जायच्या बेताची झालेली असतात. रोप लावताना खोकं फाडून पूर्ण बाहेर काढा, मातीत गाडू नका.

दिवाळीच्या किल्ल्यालाही मुलांना ही खोकी द्या. कोरड्या खोक्यात माती ठासून भरली की भक्कम बुरूज होतो, वरून चिखल लिंपला की ओळखू येत नाही. अर्ध्या लिटरची दोन खोकी शेजारी उभी केली की मधे महादरवाजा बसतो. आमच्या सोसायटीत किल्ला मोडताना मुलंच बुरूज रिकामे करतात, वाळलेला चिखल झटकतात आणि खोकी चपटी करून जिन्याखालच्या पोत्यात टाकतात.