मरणाची धास्ती आणि आपला स्वभाव : पडताळून कसे पाहावे

मरणाची भीती थोडीफार सर्वांनाच असते. ती कितपत छळते, हे मात्र बऱ्याच अंशी स्वभावावर ठरते. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड टेम्पलर यांनी १९७० मध्ये मांडलेल्या, मरणाची धास्ती मोजणाऱ्या मापनपट्टीत १५ विधानांना केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणायचे असते, आणि व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख गुणांपैकी भावनिक अस्थिरतेचे या भीतीशी असलेले नाते सर्वांत ठळक दिसते.

प्रथम भीती नेमकी कशाची, हे वहीत लिहावे : स्वतःच्या मरणाची, वेदनांची, की मागे राहणाऱ्यांची. खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी घागर भरली जाते. तिच्यावर खरबूज आणि सांजोरी ठेवताना ‘पुढच्या वर्षी आपल्या नावाने तर नाही?’ असे मनात येऊन हात थबकत असेल, तर तेही टिपून ठेवावे.

काळजीखोर माणसाने छातीत जरा धडधडले की पुन्हा पुन्हा नाडी पाहू नये, कारण खात्री करून घेण्याच्या सवयीने धास्ती क्षणभर शमते आणि नंतर अधिक जोराने परतते. (‘काही होत नाही’ असे म्हणणारे नातेवाईक येथे फारसे कामाचे नसतात.) शिस्तप्रिय माणसाने वारसनोंद तपासावी, दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे. अबोल माणसाने निदान एकाशी ओट्यावर बसून बोलावे, आपल्या बोलीत, अहिराणीतच बोलावे.

झोप उडाली किंवा कामे अडू लागली, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.